आईचं कपाळ

आई, सध्या मी शाळेत जाते. हसू नकोस. हॅलिफॅक्सच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तुझी निवृत्त डॉक्टर मुलगी लॅपटॉप उघडून बसते आणि पडद्यावरची एक पोरगी मला फोटोवर करामती करायला शिकवते. वयाने नातीएवढी, पण तोरा हेडबाईंचा. ‘सबसे पहले नई लेयर लीजिए, ओरिजिनल को हाथ मत लगाइए.’ लेयर म्हणजे फोटोवर पसरलेला पारदर्शक कागद. काय गोंधळ घालायचा तो त्याच्यावर. धुकं आणायला शिकले, आकाश बदललं, परसातल्या बर्फावर गुलाबी संध्याकाळ आणली. पण ही सगळी तालीम. मला काम एकच करायचंय, तुझ्या फोटोत तुझं कुंकू परत आणायचं.

बाबा गेले त्या दिवशी मावशी ते पुसायला पुढे झाली, तेव्हा तू तिचा हात धरलास. ‘परकरात होते तेव्हापासून लावतेय. ह्यांनी नाही दिलेलं ते.’ पुढे वर्षभर गावाने काय काय ऐकवलं! मी कॅनडाला निघाले तेव्हा तुझा फोटो हवा म्हणून आपण दोघी स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले काका चाचरत म्हणाले, ‘वहिनी, ते पुसून घेता का? फोटो कायमचा असतो.’ तू पदर सारखा करत म्हणालीस, ‘म्हणूनच राहू दे.’ फोटो आला तो कोऱ्या कपाळाचा. काकांनी ब्रश फिरवून कुंकू घालवलं होतं, तेही आपल्यावर उपकार म्हणून. तू चुलीपुढे बसून तो बराच वेळ बघितलास. ‘छान आलाय. कुणाचा आहे?’ म्हणालीस आणि भाकरी उलटलीस. मी भांडायला निघाले होते, तूच अडवलंस. दुसरा काढायला वेळ नव्हता, तोच माझ्या बॅगेतून इथे आला आणि इतकी वर्षं भिंतीवर राहिला. येणारे-जाणारे तुला तशीच समजत आले, ह्याचा मला अजून राग येतो.

रिचमंड हिलला राहणारी माझी लेक फोनवर म्हणाली, ‘आई, ॲप आहे ना, वन क्लिक! व्हाय आर यू सफरिंग?’ पाठवला तिला. परत आलीस ती साबणाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी गुळगुळीत, सुरकुत्या गायब, हनुवटीवरचं गोंदणही गायब. मी फोनवरच भडकले. ‘सॉरी आई, इट थॉट दॅट वॉज अ स्पॉट.’ तिला काय बोलणार! काकांनाही डागच वाटला होता.

मग मीच बसले. माउसने गोल काढला तर टिकल्यांच्या पाकिटातली टिकली चिकटवल्यासारखी दिसायला लागली. त्या पोरीचा एक धडा आहे, खऱ्या वस्तूचा फोटो काढून तो वर पसरायचा. आज दुपारी देवघरातला करंडा काढला. तुझ्यासारखं आधी बोटाला मेण, मग कुंकू, आणि पांढऱ्या कागदावर ठसा. त्याचा फोटो काढला, लहान केला, तुझ्या कपाळावर आणला. लाल ठेवायचा मोह झाला, पण फोटो काळा-पांढरा. कॅमेऱ्याला तेव्हा दिसलं असेल तसंच काळसर केलं. कडा थोड्या विरघळवल्या आणि आई, तू आलीस. तीच, मावशीचा हात धरणारी. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. फोटो मोठा करून पाहिला तर कुंकवात माझ्या बोटाच्या रेषा दिसतात. त्या तशाच ठेवल्यात.

तुला लिहिलेले हे कागद आता नव्या चौकटीत, तुझ्या फोटोच्या मागे घालते. त्याआधी एक सांगते. गेल्या विंटरमध्ये हे गेले. इथे पुसायला कोण येणार होतं? शेजारीण लझान्याचा ट्रे घेऊन आली, गळ्यात पडून रडली आणि जाताना ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून गेली. कुणी काही म्हणालं नाही. मी आपणहूनच वॉशरूममध्ये जाऊन कपाळ धुतलं, तुझी मुलगी असून. आज ठसा उमटवल्यावर बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. हात धुवायला उठले, नळही सोडला आणि तसाच बंद केला. आरशात न बघता लावलंय, वाकडं असेल.