सशांचे कागद

वेंगुर्ले

प्रिय लिनो (हे विशेषण यापुढे केवळ सवयीने),

तू मागे ठेवलेल्या शशकदांपत्याचा योगक्षेम उत्तम चालला आहे, हे प्रथम सविनय निवेदन करतो. काजूच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून मी उभारलेल्या प्रासादात, तुमच्या ओसरीवर, उभयतां सुखाने नांदत आहेत. सकाळी चर्चची घंटा होण्यापूर्वी तुझी आई, म्हणजे माझी सिसिलियामावशी, त्यांना लाल माठाची कोवळी पाने भरवते. उरलीच, तर स्वतःसाठी भाजी.

तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याकडे प्रयाण करताना तू पिंजऱ्यावर हात ठेवून वचन दिलेस, की आई आणि ससे एकदमच नेईन. तेव्हापासून फोनवर एकच आकाशवाणी: सशांचे कागद अडकलेत, ते झाले की तिकीट. सिसिलियामावशी ती श्रद्धेने ऐकते. तिची पिशवी भरलेली आहे. वर सशांना वाटेत खायला सुके गवत. तिने शंका काढली, की तुझ्या वतीने ग्वाही देणारा मी.

परवा माझ्या कन्येने, सृष्टीने, मला ज्ञानदान केले. तुझ्या राज्यात ससा म्हणजे बाहेरून आणलेला, शेते आणि कुरणे फस्त करणारा उपद्रवी प्राणी; तो घरी पाळणे दंडनीय. परवाना मिळतो तो संशोधकाला, नाहीतर जादूगाराला. तू संशोधक नाहीस. मात्र जिवंत आईला फोनवरून अदृश्य करणाऱ्यास सरकारने परवाना नाकारू नये, अशी माझी शिफारस आहे. तेथे राहून तुला हे ठाऊक नव्हते, असे कृपया लिहू नकोस. शाळेच्या बाकापासूनच्या सगळ्या लबाड्या आपण मिळून केल्या. या एका लबाडीत मात्र तू मला न सांगता खोटा साक्षीदार केलेस.

काल संतापाच्या भरात मी मावशीला तो कायदा सांगून टाकला. ती रडेल, तुला शिव्या देईल, अशी माझी मानसिक सिद्धता होती. ती चक्क हसली. “म्हणान माझो झील येवक नाय रे, सत्यवान! ह्या मेल्या सशांनी त्याका अडकवल्यानी. घेवन जा त्यांका तुझ्याकडे. आता काय अडचण ऱ्हवली?” ससे आता माझ्या अंगणात आहेत. तिने पिशवीतले गवत काढून तेथे तुझ्यासाठी कोकमाची सोले भरली, आणि रिकाम्या पिंजऱ्याशेजारी फोन मांडीवर घेऊन बसली आहे. यापुढचे मला सांगवत नाही, लिनो. ते तू सांग.

तुझाच (निदान तिच्यासमोर),
सत्यवान