आधी व्याकरण, मग नात

२ एप्रिल, सकाळ
निर्णय झाला. जूनमध्ये मुलगा, सूनबाई आणि नात तीन आठवडे येताहेत. नात साडेचार वर्षांची, बोलते फक्त जर्मन. आजवर फोनच्या स्क्रीनवरच भेट, आणि मी दिसलो की ती सोफ्यामागे लपते. पुढची खेप दोन वर्षांनी. म्हणजे यंदा गट्टी जमली तर जमली. तेव्हा मी जर्मन शिकणार. तेही पद्धतशीर. व्याकरण संपूर्ण झाल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचाही हाच नियम. क्लचचं चित्र काढून दाखवल्याशिवाय मी कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. काही लोक क्लास सोडून जातात. जाऊ देत.

५ एप्रिल
पुस्तक आणलं. जाडजूड, उशाला घेता येईल असं. पहिल्याच प्रकरणात आनंदाची बातमी: लिंगं तीन! आपल्या मराठीतही तीनच. विभक्त्या तर फक्त चार. आपण शाळेत आठ घोकल्यात. म्हणजे अर्धी जर्मन मला आधीपासूनच येते. बायकोला हे सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, मग उरलेली अर्धी शिका.

२१ एप्रिल
जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. एका टेबलावर एवढी भानगड. ही माणसं जेवतात तरी कशी? तक्ता करून फ्रिजवर लावला. संध्याकाळी पाहतो तर हिने त्यावर कुणाच्या तरी पडद्यांची मापं लिहून ठेवलीत.

१० मे
व्हिडिओ कॉल. व्याकरण अर्ध्यावर, म्हणून तोंड उघडलं नाही. नुसती मान डोलावली. मुलाने हिला विचारलं, बाबांचा घसा बसलाय का? मग मला समजावत बसला की व्याकरण राहू द्या, चुकतमाकत बोला, पोर काही परीक्षा घेणार नाहीये. याला गाडी मीच शिकवली. तेव्हाही थिअरीला दांडी मारायचा.
ही मात्र नातीशी सरळ मराठीत बोलते. नात जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोघी खिदळतात. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. दोघींचाही पाया कच्चा. जूनमध्ये फरक दिसेलच.

२ जून
उद्या येताहेत. पुस्तक जवळजवळ संपलं (शेवटची सहा प्रकरणं किरकोळ आहेत). स्वागताचं वाक्य तयार. मुख्य वाक्य, गौण वाक्य, क्रियापद शेवटी, सगळं जिथल्या तिथे. आरशासमोर म्हणून पाहिलं. फारच भारदस्त वाटतं.

३ जून, दुपार
विमानतळ. नात समोर आली. मी वाकलो, श्वास घेतला, आणि विशेषणाचा प्रत्यय आठवेना. तेवढ्यात हिने हात पसरून "ये गं माझी चिमणी" म्हटलं आणि पोर थेट तिच्या कुशीत. प्रत्यय नंतर आठवला. पूर्ण वाक्य सामानाच्या ट्रॉलीला ऐकवलं. अचूक आलं.
येताना गाडी मुलाने चालवली. शिकाऊ गाडीत मास्तरच्या बाजूलाही ब्रेक असतो, ती सवय. प्रत्येक वळणावर माझा पाय दाबला जात होता. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

५ जून
आनंदीआनंद! चिमणी आपणहून माझ्या खोलीत आली आणि चक्क मराठीत बोलली. आजोबांनी आपली गाडी दाखवावी, असा एकूण अर्थ. एका वाक्यात तीन चुका. तिन्ही समजावून सांगितल्या, उदाहरणं देऊन. मुलाला दुभाषा म्हणून उभं केलं होतं. का कोण जाणे, तो नीट भाषांतर करत नव्हता. पोरीने मात्र शांतपणे ऐकून घेतलं. गुणी आहे.

६ जून
आज माझ्याशी बोलली नाही. प्रवासाचा शीण असणार.

९ जून
शीण अजून उतरलेला नाही. हिच्या बटणांच्या डब्यापाशी मात्र दिवसभर किलबिल चालू असते. मी खोलीत गेलो की बंद. सूनबाईने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की गाडीचं ते एक वाक्य चिमणीने महिनाभर पाठ केलं होतं. फक्त माझ्यासाठी. सूनबाईच्याही चुका बऱ्याच होत्या, पण मी गप्प बसलो. जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं. पुस्तक कपाटावर टाकलं.

१० जून
सकाळी बायकोने फर्मावलं, "थिअरी पुरे झाली. पोरीला गाडी दाखवा."
गेलो. चिमणीला शिकाऊ गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी शेजारी मास्तरच्या जागेवर. तोंड उघडलं आणि चारही विभक्त्या गायब. स्टिअरिंगकडे बोट दाखवून सुचेल ते जर्मन बोललो. तिने हॉर्न वाजवला. म्हणजे चूक! पुन्हा बोललो. पुन्हा हॉर्न. मग आरसा, वायपर, ढग, माझं नाक, कशालाही सुटका नाही. शेजारीपाजारी खिडक्यांत आले. पोर हसून हसून सीटवरून घसरली. माझ्याही डोळ्यांत पाणी. वेड्यासारखी मजा आली! विशेष नोंद: मी एकदाही ब्रेकवर पाय ठेवला नाही. गाडी बंद होती, हे मान्य.

१७ जून
रोज सकाळी क्लास. शिक्षिका कडक आहे. हॉर्न बसला.

२४ जून, दुपार
गेले. विमानतळावर चिमणीने गळ्यात पडून मराठीत काहीतरी लांबलचक सांगितलं. चुका सात. मोजल्या, पण सांगितल्या नाहीत. मग मी जर्मनमध्ये उत्तर दिलं. जवळ हॉर्न नव्हता, म्हणून तिने माझं नाक दाबून तोंडानेच पों केलं.

रात्री
मुलाचा मेसेज. चिमणी विमानतळावर सगळ्यांना सांगत होती म्हणे, आजोबांना नीट बोलता येत नाही, कारण ते अजून लहान आहेत. म्हणून स्वतःचं जुनं पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेलीय. मागे छापलंय: वय एक ते दोन.
लगेच अभ्यासाला बसलो. पहिल्या पानावर नुसतं बदक आहे. त्याचं लिंग दिलेलं नाही. पुस्तकाचा पाया कच्चा वाटतो.