पाइपातलं पहिलं पाणी

प्रिय दादा,

पाकीट फोडताना आतून उरलेल्या बियांची पुडी पडली असेल. दचकू नकोस, तुझीच आहे, परत पाठवतेय. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं, कारण घरी वहिनी आधी वाचते आणि मग तू "काय म्हणतेय ती?" एवढं विचारून मोकळा होतोस. फोनवर बोलायची सोय नव्हतीच. बाबा फोन स्पीकरवर टाकून मांडीवर घेऊन बसायचे, आणि तुझ्या रविवारच्या चार मिनिटांत माझी पाळी काही यायची नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा तू या बिया पाठवल्यास. चकचकीत पुडी, वर लालबुंद टोमॅटो आणि हातभर काकडी. बाबांनी ती शर्टाच्या खिशात घालून शेजारच्या शिंप्यापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. काचबिंदूने डोळे गेलेले, त्यामुळे पुडी उलटी धरली होती, पण कुणी बोललं नाही. त्या उलट्या बाजूलाच मुदत छापली होती. तीन वर्षांपूर्वी संपलेली. तू वाचली नसशील. खरं सांगू, तू वाचूनही पाठवली असतीस, असंच मला वाटतं.

परसातल्या चार वाफ्यांना मी हात लावायचा नाही, हा घरचा जुना कायदा तुला ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची होते. बाबांनी तुला वेलांना पाणी घालायला सांगितलं, तुला खेळायला जायचं होतं, म्हणून तू पाइप माझ्या हातात देऊन पळालास. पाइप सकाळपासून उन्हात पडलेला. त्यातलं पहिलं पाणी चहाच्या आधणाइतकं कढत असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकडीचे सगळे वेल संध्याकाळपर्यंत माना टाकून पडले. तेव्हापासून मी जळक्या हाताची. पाहुणे आले की बाबा हसत हसत सांगायचे, "हिला झाडाजवळ सोडू नका." पाइप कुणी दिला ते तू कधी सांगितलं नाहीस. मीही नाही सांगितलं.

तर तुझ्या बिया बाबांनी स्वतः पेरल्या. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली बोटं, अंदाजानेही एकेक बी नेमक्या अंतरावर पडली. दहा दिवस झाले, काही उगवलं नाही. बाबा रोज माती चाचपायचे. मला बघवेना. मी गेल्या वर्षी राखलेलं बी खोक्यांत रुजवलं आणि बाबा दुपारी लवंडले की एकेक रोप त्यांच्याच वाफ्यांत लावलं. मग सगळा उन्हाळा चोरून राबले. भल्या पहाटे पाणी, टोमॅटोला काठ्या, बुंध्याशी पाचोळा. मधमाशा फिरकत नव्हत्या, तर काकडीचं नर फूल खुडून मादी फुलांना मीच टेकवत फिरले. शिंपीण कुंपणावरून हसायची, म्हणायची, "अगं, लग्नं लावतेस की काय!" वाफे असे भरले की येणारा-जाणारा थांबायचा. आणि बाबा खुर्चीत बसून सांगायचे, "मुलाने पाठवलेलं बी आहे. त्याला माहिती असते सगळी." मी आतून ऐकायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याचसाठी.

मग रोपवाटिकेची मालकीण आली. शिंपिणीने तिला सगळं सांगितलं होतं. तिला कामाला बाई हवी होती, रोपांतलं कळणारी, आणि सोबत राहायला खोली होती. दादा, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मला आजवर कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. मी सरबत करायला आत गेले आणि तेवढ्यात बाबांनी तिला कहाणी सांगितली. सगळं मुलाचं, तोच फोनवरून सांगतो, ही नुसती पाणी भरते, तेही मी म्हणतो तेव्हा, हात जळका आहे हिचा. बाई सरबत पिऊन गेली. आठवड्याने कळलं, दुसरी कुणी ठेवली.

त्या दिवशी मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुझं बी कुजलं, हे माझं आहे, सगळं माझं. मला वाटलं ते चिडतील. ते काकडी सोलत होते, थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "नवव्या दिवशीच कळलं मला. कुजलेल्या बियाला वास येतो." मग एवढं सगळ्यांना का सांगत सुटलात, विचारलं. तर म्हणाले, "तो तिकडे लांब. त्याचं इथे काहीतरी नको का? तुझं काय, तू तर आहेसच." आणि काकडीची फोड माझ्यापुढे धरली. मी ती खाल्ली. त्याची मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. या उन्हात चार दिवस पुरतात. बाबा पानं चाचपायचे, चुरगळलेली लागायची बोटांना. आधी हुकूम सोडला, मग नुसतं "अगं, बघ ना जरा" म्हणाले. मी म्हटलं, "माझा हात जळका ना, बाबा." मला ते म्हणताना बरं वाटलं, दादा. फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी ते स्वतः बादली घेऊन निघाले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पाइपाचं वेटोळं वाटेतच पडलं होतं, ते मला दिसत होतं, त्यांना नव्हतं. हाक मारायला कितीसा वेळ लागतो? मी मारली नाही.

खुब्याचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात. उठवणं, निजवणं, सगळं दुसऱ्याने करायचं. कसं पडलात, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "मुलाची बाग वाळत होती." आणि घरी कोण बघणार, तर म्हणाले, "मुलगी आहेच." एवढं ऐकलं आणि मी दवाखान्याचा फॉर्म भरायला घेतला. त्यात जवळचा नातेवाईक म्हणून एक रकाना असतो. तिथे मी तुझं नाव लिहिलं, तुझा नंबर, तुझा पत्ता, आणि माझ्या नावाच्या जागी आडवी रेघ मारली. त्या मालकिणीच्या बहिणीची दुसऱ्या गावी रोपवाटिका आहे, शिंपिणीने तिथे माझ्यासाठी शब्द टाकला, मी सोमवारी रुजू होतेय. बाबांना गुरुवारी सोडतील. ते तुला फोन करतील, उचल. घराची किल्ली शिंपिणीकडे आहे. बाबांना मी काही सांगितलेलं नाही, ते तूच सांग, तुझं ते ऐकतात. वाफ्याच्या कडेला मी लावलेली मिरची तेवढी तगलीये, तिला रोज पाणी लागेल. पाइप उन्हात पडलेला असेल, पहिलं पाणी बाजूला सोड आणि मगच घाल.

तुझीच,
धाकटी