ताकदीच्या गोळ्या

रोहा, गुरुवार, ऑगस्ट १९९४

आज ह्यांना पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे अजून पिवळेच. कंपनीत टाक्या धुताना केमिकलचा वास घेऊन लिव्हरला सूज आलीय, हे माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता?"

"ताकदीसाठी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. जरा जास्तच घेतो."

"आधी त्या बंद करा. त्या केमिकलवर ह्या गोळ्या म्हणजे लिव्हरला दुप्पट मार. टाक्यांचं कामही सोडा."

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ताकदीची गोली कशी बाधंल गो?" मला तरी कुठे पटत होतं?

गोळ्यांची बाटली ह्यांनी माझ्या हातात दिली. टाक्यांचा विषय काढला तर म्हणाले, "ही नोकरी गेली तर परत कायम कोन करील?"

उद्या कंपनीच्या गेटवर मीच जाणार. साहेबांना म्हणणार, ह्यांना दुसरं काम द्या.