बिनमीटरचं गणित

१२ जानेवारी, आरमोरी
सासूबाई (इथून पुढे सा.बा., हात दुखतो) दहावीला बसताहेत. बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म. लग्नाआधी बीजगणितात नापास झाल्या होत्या. बालवाडीत मदतनीस आहेत. जूनमध्ये शिकवणाऱ्या बाईंची जागा रिकामी होतेय, संस्था म्हणते आधी दहावी दाखवा. घरात मी एकटी बी.एस्सी., त्यामुळे शिक्षा मला.

१५ जाने.
वर्गसमीकरणं. अवयव पाडणं त्यांना भलतंच आवडलं. गुणाकार नि बेरीज सांगितली की तांदूळ निवडता निवडता आकडे ओळखतात. समजावं म्हणून सगळी उदाहरणं धानाच्या बांधीची, म्हणजे शेतातल्या बांध घातलेल्या तुकड्याची, घातली. लांबी रुंदीपेक्षा चार मीटर जास्त, क्षेत्रफळ शहाण्णव. रुंदी आठ किंवा उणे बारा.
"उणे बारा मीटरची बांधी कुठी असते?"
"नसते. ते उत्तर सोडायचं."
किती छान शिकवते मी! फुशारले.

२४ जाने.
x² + 5x + 6 = 0 दिलं. कंस बरोबर पाडले. उत्तराच्या जागी लिहिलं: अशी बांधी नाही.
हसू आवरेना. वही मिटली त्यांनी. "मले हासू नोको. तूच त सांगतलं, उणे सोड म्हणून."
मागची पानं पाहिली. नुसत्या समीकरणांतलीही सगळी उणे मुळं पट्टी लावून खोडलेली. माझीच करणी. इथे −2 आणि −3 दोन्ही चालतात म्हटलं, पण ऐकतंय कोण.

२५ जाने.
अबोला. डब्यात मात्र माझ्या आवडीची वांगी. संध्याकाळी चहा घेऊन गेले, चुकलं म्हटलं. त्यांनी वही उघडली. "पहिले सांग, हे मीटरचं हाये का बिनमीटरचं?"
मीटरचं असेल तर उणे सोडायचं, बिनमीटरचं असेल तर दोन्ही ठेवायची. पुस्तकात इतकं सरळ कुठे आहे! मला फार आवडतात या बाई.

८ फेब्रु.
x² + 6x + 4 = 0. "आकडे सापडून नाई राह्यले वं." सापडणारच नाहीत म्हटलं, सूत्र लिहून दिलं. वर्गमूळ बघून तोंड वाकडं. मग स्वतःच, "म्हणजे हा डॉक्टर हाये. घरच्या इलाजानं नाई झालं का याच्याकडे न्यायचं."
उत्तर −3 ± √5. दोन्ही उणे, दोन्ही ठेवली. गालगुच्चा घ्यावासा वाटला. सासू आहे म्हणून राहिला.

६ मार्च
पेपर. गेटबाहेर पोरांचे आईबाप, आणि सासूची वाट बघणारी मी.
"एकाची फोड नाई झाली. डॉक्टरकडे नेलं. दोन्ही ठेवले."
"आणि शाब्दिक?"
"बगिच्याचं होतं." चालता चालता थांबल्या. "त्यात बी दोन्ही ठेवले वं."
पायऱ्यांचे गुण मिळतात म्हटलं. मनात बेरीज केली, अगदी काठावर.

१२ मे
निकाल उद्या. बालवाडीतून निरोप, अर्ज आणता का? सा.बा. तांदूळ निवडत बसल्या आहेत.
"आई, काय वाटतं?"
"पास, नाई त नापास. बिनमीटरचं हाये. सध्या दोन्ही ठेव."
त्यांनी ठेवावीत. मला एकच हवंय. दुसरं खोडायला केव्हाची पट्टी हातात घेऊन बसलेय.