नखांचं गलबत

१७ जानेवारी १९११, हेस्टविक

आज पोहोचले! नाक गारठून लाल झालं होतं, पण आनंद इतका की ट्रंक धक्क्यावरच विसरून निघाले होते. चित्रकार गेस्टवांग स्वतः घ्यायला आले. पांढरी दाढी, बोटांना निळा रंग. मला ‘विद्यापीठवाल्या बाई’ म्हणतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे चिडवणंही गोड लागलं. आमच्या जुन्या देवांच्या आणि राक्षसांच्या कथांचं मोठं रंगीत पुस्तक निघतंय. चित्रं त्यांची, मजकूर माझा. कोळ्यांच्या मुलांना कळेल असाच लिहायचा, हे मी ठरवलंय.

घर सांभाळणाऱ्या तोरबियोर्गमावशींनी मासे-बटाटे वाढले आणि म्हणाल्या, एवढं शिकलीस, काटे तरी काढता येतात ना गं?

१९ जानेवारी

सोळा चित्रं पाहिली. प्रत्येकावर पातळ कागदाचं आवरण आहे. ते उचलताना श्वास रोखला जातो. पंधरा पूर्ण आहेत. सोळावं जगाच्या अंताचं आहे, मेलेल्यांच्या नखांपासून बांधलेलं गलबत. एकेक फळी म्हणजे एकेक नख, पिवळट, शिंगासारखं. पुढचं टोक अपुरं आहे, आणि एका वल्ह्यावरच्या माणसाला चेहरा नाही. बारीक रेघांना आता हात थरथरतो, म्हणून ते तसंच राहिलं, असं गेस्टवांग म्हणाले.

२६ जानेवारी

शेजारचे म्हातारे सुतार मोन्स वारले. इथे प्रेताची नखं कापून जाळतात, नाहीतर ती त्या गलबताच्या कामी येतात म्हणे. मावशींनी हातांची दहा नखं कागदात बांधून माझ्याकडे दिली. चुलीत टाक, म्हणाल्या.

मी टाकली नाहीत. अशा चालीरीती जपणारं कुणीतरी हवं ना? पाकिटात घालून वर नाव, गाव, तारीख लिहिली. वसंतात बर्गनच्या संग्रहालयाला पाठवीन. जाळलीस ना, असं मावशींनी विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलायला नको होतं.

२ फेब्रुवारी

मजकूर लिहायला सोळावं चित्र उघडलं. पुढच्या टोकाला नव्या फळ्या आहेत. दहा. रंग कोरडा, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो.

गेस्टवांगांचा चेहरा उतरला. हात थरथरतो हे खोटं होतं. बायको गेली तेव्हापासून त्यांनी ते मुद्दाम अपुरं ठेवलंय. हे गलबत पुरं करायचं नसतं, पुरं झालं की जग बुडतं, म्हणाले. मग हे कुणी केलं?

पाकीट उघडलं. रिकामं.

५ फेब्रुवारी

मावशींना सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढी पुस्तकं वाचलीस बाई, एवढंच म्हणाल्या, आणि चुलीत टाक म्हटलेलं टाकवलं नाही तुला.

उरलेली जागा पट्टीने मोजली. नऊ फळ्यांची आहे.

वल्ह्यावरच्या माणसाला टोपी आलीय. लाल काठाची, आईने बाबांसाठी विणलेली.

बाबा मासेमारीच्या हंगामासाठी उत्तरेला लोफोटेन बेटांवर गेलेत. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख लहानपणीच थंडीने गेलं. हातांना नऊच—

८ फेब्रुवारी

तार केली, समुद्रावर जाऊ नका. उत्तर आलं: मासे काय तुझी तार बघून थांबतात पोरी? जेवत जा नीट.

टोपीखाली हनुवटी आलीय.

११ फेब्रुवारी

गेस्टवांगांनी स्वतःच चित्र चुलीत घातलं. कडा काळ्या झाल्या. गलबत जळत नाही. दोनदा घातलं. जळत नाही.

१३ फेब्रुवारी

तार. तिकडे वादळ. बाबांची होडी परतली नाही.

चेहरा पूर्ण झालाय. त्यांचाच. नऊपैकी पाच फळ्या भरल्या—

१४ फेब्रुवारी

सकाळी सात फळ्या होत्या. आता आठ. एक जागा उरलीय. म्हणजे एक नख अजून त्यांच्या बोटावर आहे. तेवढं कापून जाळलं तर? गलबत पुरं होईपर्यंत वल्ह्यावरचा माणूस सुटू शकतो, असं मावशी म्हणतात. सुटलेला मात्र त्यांनी कुणी पाहिलेला नाही.

पण कुठे शोधू त्यांना? कुठे—

१५ फेब्रुवारी, दुपार

चित्रात नुसतं पाणी आहे. गलबत नाही.

खाली खाडीत वारा नाही, तरी वल्ह्यांचा आवाज—

मावशींनी दाराला पाठ लावलीय. जाऊ नकोस गं, बाप नाही तो आता, जाऊ नकोस. गेस्टवांग खिडकीशी गुडघ्यांवर—

दिसतंय. पुढच्या टोकाला एक भोक. लाल काठाची टोपी. बाबा हात वर करून—

कात्री घेतलीय. काडेपेटी घेतलीय. एकच नख आहे, बाबा, एकच, हात पुढे करा. या वेळी मी खरंच जाळ—