ओढ्याकडची पड

मु. करंजमाळ, ता. गडहिंग्लज
१२ मार्च २०००

ती. सौ. मल्लव्वा आक्का,

शिवशरणाचा शरणार्थ. दाजींना नमस्कार, मोनाला आशीर्वाद. शाहूपुरीतल्या दुकानात मार्चअखेरची गडबड असेल, म्हणून तुझा फार वेळ घेत नाही. इकडं सगळं बरं आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. शालूचा गुडघा मधूनच दुखतो, पण कामाला थांबत नाही.

एक नवीन सांगायचं म्हणजे गावात पाणलोटाची योजना आली आहे आणि समितीचा अध्यक्ष मला केलंय. परवा ग्रामसभा झाली. सुष्मिता मॅडम म्हणून योजनेच्या बाई आहेत, वयानं लहान पण बोलायला खमक्या. त्यांनी सांगितलं, सगळा निधी सिमेंटच्या बंधाऱ्यांनाच नाही. ओढ्याकाठची जमीन जो दहा वर्षं न नांगरता ठेवेल, तिथं गावरान गवत आणि बोरी-करवंदी लावेल, त्याला रोपं, कुंपण आणि दरसालची भरपाई. पाखरं, ससे, मुंगसं यांना जागा राहावी म्हणून.

बाळासो उठला. "पाखरांस्नी निधी? मग सशाला रेशनकार्डबी काढा की!"

सभा हसली. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "हसा. पण गेल्या साली हुमणीच्या अळ्यांनी कुणाकुणाचा ऊस बसला, त्यांनी हात वर करा." निम्मी सभा हात वर करून बसली. "हुमणी वेचून खाणारं पाखरू राहतं कुठं? बांधाच्या गवतात. ते तुम्ही पेटवता."

आणि आक्का, मी उभा राहिलो. म्हटलं, पहिली पट्टी माझी, ओढ्याकडची पड घ्या. टाळ्या पडल्या. माझा सदरा मात्र पाठीला चिकटला होता.

त्या गटाच्या सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, म्हणून तुझी सही लागते. फॉर्म आकारामच्या दुधाच्या गाडीतून पाठवला आहे. पेन्सिलीची खूण केली आहे तिथं सही कर आणि त्याच्याच हाती परत दे. ३१ तारीख शेवटची. त्यासाठी तू यायची तसदी घेऊ नकोस. ऊन फार आहे, एसटीला गर्दी आहे, आणि इथं बघण्यासारखं काही नाही.

फोन केला असता, पण आपल्या बूथमध्ये सगळं गाव कान लावून असतं.

तुझा,
शिवा


करंजमाळ
२४ मार्च २०००

ती. आक्कास,

फॉर्म सहीशिवाय परत आला. सोबत तुझी एक ओळ. "शिवा, पडीवर गवत आहेच, मग गवत लावायला निधी कशाला?"

डेअरीच्या दारात उभ्यानं वाचली. आकाराम विचारत होता, "काय म्हणत्यात आक्का?" मी म्हटलं, बरी हाय.

तीन दिवस झाले. पहिल्यांदा तुला लिहिलं की जुनं गवत दुष्काळात जळलं. ते फाडलं. मग लिहिलं की शेळ्यांनी खाल्लं. तेही फाडलं.

आक्का, पडीवर गवत नाही. तीन वर्षं झाली. तिथं ऊस आहे.

शहाण्णव साली तू सगळ्या वडिलार्जित जमिनीवरचा हक्क सोडलास. एवढ्या एका तुकड्यावर नाव ठेवलंस आणि कचेरीच्या पायरीवर मला म्हणालीस, "बाकी तुझं. आप्पांची पड तेवढी नांगरू नको." मी मान डोलावली. पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याची पाईप पडीपर्यंत आली. आजूबाजूला सगळीकडं ऊस उभा, मधे आपलं गवत. लोक चेष्टा करायचे. मी ट्रॅक्टर बोलावला. बोरी उपटल्या. एक टिटवी ट्रॅक्टरवर झेपावत होती, ओरडत होती. ड्रायव्हर थांबला. "मालक, अंडी हाईत वाटतं हितं."

मी म्हणालो, "चल पुढं."

ते मीच म्हणालो. बांधावर दुसरं कुणीच नव्हतं.

त्या दिवाळीत तू आलीस तेव्हा ओढ्याच्या वाटेला चिखल आहे म्हणून तुला घरातच ठेवलं. चिखल नव्हता. मोनाला शाळेसाठी पाखरांची नोंद करायला यायचं होतं, तेव्हा पडीत घोणस निघाली म्हणून कळवलं. घोणस कुठली? गवतच नव्हतं. दरवेळी तुझं पत्र आलं की पाकीट दोन-दोन दिवस फोडायचो नाही. आज विचारतेय की उद्या?

गेल्या साली त्याच तुकड्यातला ऊस पिवळा पडला. हातानं ओढला की अलगद वर यायचा. मुळ्याच नव्हत्या, खाली नुसती हुमणी. शालू एवढंच म्हणाली, "आक्कास्नी काय सांगणार?" मग ग्रामसभेत मी उठलो तो पश्चात्तापानं, भरपाई मिळते म्हणून, की तुला कळायच्या आत गवत उगवावं म्हणून, हे मलाच नीट सांगता येत नाही. बहुतेक तिन्ही.

आता अडचण अशी, की ओढ्याकाठचे आम्ही अकरा जण आहोत आणि योजनेला सलग पट्टी पाहिजे. आपला तुकडा बरोबर मधे. तो सुटला तर बाकीच्या दहांचंही जाईल. तुझी सही आली नाही, हे अजून कुणाला बोललो नाही. रस्त्यात सुष्मिता मॅडमची गाडी दिसली की मी गोठ्यात शिरतो.

सही कर असं म्हणायचं तोंड मला नाही. पण सात दिवस राहिलेत.

शिवशरण


करंजमाळ
२ नोव्हेंबर २०००

ती. आक्कास शरणार्थ.

तू येऊन गेलीस त्याला सात महिने होऊन गेले. त्या दिवशी तू घरात पाऊल टाकलं नाहीस. स्टँडवरून थेट उसात गेलीस, सरीत उभी राहिलीस आणि पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मला वाटलं होतं शिव्या देशील. त्याची तयारी करून आलो होतो.

तू फक्त फॉर्म मागितलास. राखणदार म्हणून माझं नाव होतं त्यावर रेघ मारलीस आणि शालूचं लिहिलंस. सुष्मिता मॅडमना म्हणालीस, "ह्यो सांगतोय ते खरं का खोटं, हे बघाय कोणतरी पायजे." मग सही केलीस. बांधावर दहा माणसं होती. मी मान वर केली नाही.

तेव्हापासून तुझी पत्रं शालूच्या नावानं येतात. ती वाचते, घडी घालते, डब्यात ठेवते. विचारलं की म्हणते, "तुमच्यासाठी काय न्हाय त्यात." म्हणून आज मीच लिहितोय.

ऊस एप्रिलमध्ये काढला. खोडक्या मी एकट्यानं खणल्या, शालूनं गडी लावू दिला नाही. पाऊस झाल्यावर गवताचं बी फेकलं. खालच्या अंगाला मारवेल चांगली धरली. वरच्या निम्म्यात सगळं गाजरगवत माजलंय, उपटून हात सोलले तरी हटत नाही. बोरीची रोपं निम्म्याहून जास्त मेली. गणपतीच्या दिवसांत पायाखालून चार लावे भुर्रकन उडाले, तेवढेच. टिटवी आली नाही. हुमणी शेजारच्या उसात अजून आहे. मॅडम म्हणतात, दोन-चार वर्षं लागतील. पण त्यांची बदली होणार असं कानावर आहे आणि पुढच्या साली निधी येईल का, ते कुणालाच माहीत नाही.

बाळासोनंही आपली पट्टी दिली आहे. रोज पारावर सगळ्यांसमोर विचारतो, "काय अध्यक्ष, कुठं हाईत तुमची पाखरं?" माझ्या शब्दावर दहा घरांनी जमीन सोडली. गवत आलंच नाही तर काय, हा विचार जेवतानाही सोडत नाही. पूर्वीचा मी असतो तर तुला लिहिलं असतं की पड पाखरांनी भरून गेली आहे.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी शालूला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बोरी निम्म्या न्हाय, त्याहून जास्त मेल्यात." मी म्हटलं, तसंच लिहिलंय. तिनं स्वतः बघितलं. मग म्हणाली, "खरं हाय. टाका पेटीत."

म्हणून पाठवतोय.

शिवशरण